पहिल्या खोदाईआधी वीज द्या : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : बांधकाम प्रकल्पांना कामाच्या आरंभीच पुरेशी वीजजोडणी मिळण्याबाबत.

महोदय,
सादर नमस्कार.

मी बांधकाम अभियंता असून गेली अनेक वर्षे पुणे परिसरातील गृहप्रकल्पांवर काम करीत आहे. बांधकामावरील डिझेलचा विषय निघाला की जेसीबी आणि टिपर डोळ्यांसमोर येतात; परंतु दिवसभर, आणि स्लॅबच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत, डिझेल जाळत राहतो तो कोपऱ्यात उभा केलेला जनरेटर. टॉवर क्रेन, माल चढवणारी लिफ्ट, सळई कापण्याची आणि वाकवण्याची यंत्रे, वेल्डिंग, पाण्याचे पंप ही सर्व यंत्रे मुळातच विजेवर चालतात. ती बदलण्याची गरज नाही. बदलायचे आहे ते एवढेच, की त्यांना लागणारी वीज जागेवर डिझेल जाळून तयार होऊ नये.

१२५ केव्हीए क्षमतेचा जनरेटर पाऊण भारावर चालला तर तासाला सुमारे २० लिटर डिझेल लागते. आठ तासांचे १६० लिटर झाले. एका लिटरमागे तीन ते साडेतीन युनिट वीज मिळते, म्हणजे ९० रुपये लिटरच्या भावाने केवळ इंधनाचा खर्चच युनिटला २५ ते ३० रुपये पडतो. एवढी महाग वीज कोणताही कंत्राटदार हौसेने वापरत नाही. जोडणी मिळालेली नसते, किंवा मिळालेली जोडणी क्रेनला पुरत नाही, म्हणून तो वापरतो.

काही वर्षांपूर्वीच्या एका प्रकल्पावर जागा अपुरी असल्याने जनरेटर मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांमागे ठेवावा लागला. ती जागा नकाशावर मीच दाखवली होती. स्लॅबच्या एका रात्री फेरी मारताना पाहिले, की एका बाईने लेकराची साडीची झोळी मागच्या भिंतीकडून सोडून दाराशी, उघड्यावर बांधली होती. मी विचारण्याआधीच तिने मागच्या पत्र्यावरून बोट फिरवून ते मला दाखवले. ते काळे झाले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही जनरेटर हलवला, पण धूर तेथून दुसऱ्या कुणाच्या तरी खिडकीकडे गेला, इतकेच.

यात एखाद्या कार्यालयाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. कामाचा क्रमच उलटा आहे. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाला पुढे रहिवाशांसाठी रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) बसवावे लागते आणि केबल ओढावी लागते. तो खर्च टळत नाही. परंतु ही यंत्रणा इमारत पूर्ण होत आल्यावर, भोगवटा प्रमाणपत्राच्या सुमारास उभी राहते, आणि तोवरची दोन-तीन वर्षे डिझेलवर निघतात. तीच यंत्रणा खोदाईपूर्वी उभी राहिली, तर तिच्यावरच बांधकामही होईल. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये सुधारणा होऊन नव्या जोडणीची मुदत महानगरांत ३, नगरपालिका क्षेत्रात ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवस झाली. मात्र जेथे वाहिनी वाढवावी लागते किंवा नवे उपकेंद्र लागते, तेथे ही मुदत लागू होत नाही, आणि शहराच्या वाढत्या सीमेवरील बहुतेक प्रकल्प नेमके तेथेच असतात. म्हणून बांधकाम परवानगीच्या अर्जासोबतच अंतिम वीजभाराचा अर्ज दाखल व्हावा आणि दोन्ही मंजुऱ्या बरोबरीने पुढे सराव्यात, अशी माझी मुख्य विनंती आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या ग्रीडवरील वीज आजही मुख्यतः कोळशाची आहे. तिच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तर जनरेटरच्या युनिटमागे सुमारे ०.८ किलो. म्हणजे नुसती तार जोडल्याने वस्तीतला धूर जाईल, पण हवामानाचा लाभ थोडाच होईल. तो मिळवायचा तर वीजही हरित हवी. बांधकामाचा बहुतांश भार दिवसाचा असतो, आणि शेतीला दिवसा सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून १६,००० मेगावॉटचे उद्दिष्ट ठेवणाऱ्या राज्यात दिवसाच्या विजेला असा ग्राहक मिळणे सोयीचेच आहे. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित वीज खुल्या प्रवेशाने, म्हणजे वितरण कंपनीऐवजी आपल्या पसंतीच्या उत्पादकाकडून, घेण्यासाठी लागणाऱ्या किमान भाराची मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली. बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीवरही ही सोय विनाअडथळा वापरता येईल, असे स्पष्ट परिपत्रक निघावे.

खोदाईची यंत्रे, टिपर आणि ट्रान्झिट मिक्सर विजेवर येण्यास अधिक काळ लागेल. पण चार्जिंगला पुरेल एवढी वीज जागेवर नसेल, तर कोणी विजेवरची यंत्रे आणणारही नाही. ऑस्लो शहराने २०१९ मध्ये एका रस्त्याचे काम विजेवरील यंत्रांनी करून दाखवले आणि पुढे महापालिकेच्या निविदांमध्येच तशी अट घातली. आपल्याकडे सुरुवात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या इमारतींपासून करता येईल. त्यासाठी आपण त्या खात्याशी बोलावे.

पावसाळा संपला की नव्या खोदाया सुरू होतात. यंदाच्या दसऱ्यापूर्वी पुणे जिल्ह्यातील निदान दहा प्रकल्पांवर रोहित्र आधी बसवून पाहण्याचा आदेश आपण द्यावा. त्या प्रकल्पांवरील डिझेल आणि वीज यांच्या रोजच्या नोंदी ठेवण्याचे काम करण्यास मी विनामोबदला तयार आहे.

आपला विश्वासू,
एक बांधकाम अभियंता, पुणे