दार आपोआप उघडत नाही

प्रिय बंड्या,

जूनमध्ये तू विचारलंस, ‘व्हिएन्नाला जाताना काय न्यायचं, काय नाही?’ मी ‘सविस्तर लिहितो’ म्हणालो आणि तोंड लपवलं. शिव्या नंतर घाल, आधी वाच. तब्येत ठीक, शुगर होती तिथेच आहे.

काकूंना घेऊन जातोयस, म्हणून पहिलं हेच: कंदी पेढे नेऊ नकोस. तूपही नाही. बाहेरचे दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. आईला चारदा सांगूनही तिने पेढे साडीच्या घडीत ठेवले होते. निघायच्या पहाटे मी ते बाहेर काढले आणि म्हणालो, ‘तुला हल्ली काही लक्षातच राहत नाही.’ रागात म्हणालो. तेच वाक्य आता मला झोपू देत नाही.

विम्याचा कागद (किमान ३०,००० युरोचा, व्हिसालाच लागतो) हातातल्या पिशवीत ठेव. विमानतळावरून जलद गाडीच्या नादी लागू नकोस, एस-७ लोकल घे. दहाएक मिनिटं जास्त लागतात, पैसे बरेच वाचतात, आणि दोन्ही गाड्या शहरातल्या व्हीन मिटे स्टेशनालाच सोडतात. दूध-दही शनिवारीच भर. रविवारी दुकानं बंद, म्हणजे पुण्याची दुपार दिवसभर. अगदीच अडलं तर मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी असतात. पाणी मात्र विकत घेऊ नकोस. नळाला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ पासून. आईने पहिला पेला संपवला आणि म्हणाली, ‘आपल्या विहिरीचं.’ तिची सहल तिथेच वसूल.

आता मेट्रो. तिथे फाटक नसतं, तरी कागदी तिकिटावर ठप्पा मारायचाच. नाहीतर साध्या कपड्यांतला तपासनीस शेजारीच बसलेला निघतो. आणि डब्याचं दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. मला ठाऊक होतं. आईला सांगायचं राहिलं.

चौथ्या दिवशी कार्ल्सप्लाट्झला यू-१ पकडली. गर्दीत ती एका दारातून चढली, मी पलीकडच्या. ताउबश्टुमेनगासे म्हणजे पुढचंच स्टेशन. मी उतरलो. तिच्या दाराशी दुसरं कुणी उतरणारं नव्हतं. ती पर्स छातीशी धरून दार उघडायची वाट बघत उभी. काचेतून माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. आणि गाडी निघाली.

तिचा फोन माझ्या खिशात. (हॉटेलचा पत्ता लिहून काकूंच्या पर्समध्ये टाक. आजच.) पुढच्या गाडीला चार मिनिटं. त्या चार मिनिटांत लालबागची ती रात्र आठवली, तू धाकट्याचा हात सोडलास ती. हो, तूच सोडलास. राजमाचीची वाट मी चुकवली हे एकवेळ कबूल, पण हे नाही. तेव्हा आईनेच आपल्याला बजावलं होतं ना, हरवलात तर जागचं हलायचं नाही?

पुढच्या स्टेशनावर ती बाकाला धरून उभी होती. हललेली नव्हती. मला रडूच येणार होतं, तेवढ्यात ती म्हणाली, ‘दादर गेलं वाटतं.’

बंड्या, ही चेष्टा होती का रे? तू तिला ओळखतोस, ती स्मशानातही कोटी करेल. मी हसलो. ती हसली नाही. रात्री विचारलं तर म्हणते, ‘मी कधी म्हणाले?’ इकडे आल्यावर दोनदा गॅस चालू राहिला, पण तो माझ्याकडूनही राहतो. हिला सांगितलं तर उद्याच डॉक्टरकडे नेईल, ताईला सांगितलं तर ती रडत बसेल. म्हणून कुणालाच सांगितलेलं नाही.

अप्पांचं सुरू झालं तेव्हा पहिलं काय झालं होतं? तू कधी बोलला नाहीस, मीही विचारलं नाही. तेव्हा मला ते सभ्यपणाचं वाटलं. चावी होती ना? की नावं? की हे असंच काहीतरी, ज्यावर तुम्ही सगळे हसला होतात? फोनवर नको, आई शेजारीच असते. लिही.

चिरंजीवांना बारावीबद्दल शाबासकी सांग. फरशी बसली का? वहिनींच्या कमरेचं काय झालं?

तुझाच,
बाळ्या

ता. क. ते पेढे मी त्या पहाटे टॅक्सीवाल्याला देऊन टाकले, आईच्या देखत. परवा विचारत होती, व्हिएन्नात पेढे आवडले का त्या लोकांना.