काका, आईला वास्को द गामाची कबर दिसली

तीर्थस्वरूप काकांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही आमच्याच सोसायटीत दोन जिने वर राहता. घरी येऊन आभार मानले असते, तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून क्रिकेटचा विषय काढला असता. म्हणून हे उघड पत्र. कोथरूडहून आईवडिलांना घेऊन क्रूझला निघालेल्या आणखी कुणाला त्याचा उपयोग झाला, तर तुम्हाला आवडेल हेही मला माहीत आहे.

मुंबईहून सुटणारं जहाज शनिवारी सकाळी आठला कोचीला लागणार होतं आणि दुपारी चारपर्यंत सगळ्यांनी परत चढायचं होतं. मी अकरा ठिकाणांची यादी केली होती. आमच्या एजंटने "सगळं होतं हो" म्हणून ती तशीच मान्य केली होती. तुम्ही मात्र ती वाचून बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, "आईला काय बघायचंय, हे तिला विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. आईच्या गुडघ्यांचा, गोळ्यांचा, उन्हाचा विचार केला होता, पण तिला काय बघायचंय हा प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता. त्या संध्याकाळी विचारलं, तेव्हा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "वास्को द गामाला जिथे पुरलं होतं ते चर्च." तीस वर्षं ती शाळेत इतिहास शिकवत होती. दर जूनमध्ये फळ्यावर १४९८ लिहायची. तो कालिकतला उतरला ते मुलांच्या पुस्तकात होतं. पण तो कोचीत, १५२४ च्या डिसेंबरात वारला, हे ती स्वतःहून वर्गाला सांगायची.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पाठकोरा कागद घेऊन बसलात. जहाजांच्या इंजिनरूममध्ये तुमची हयात गेली. तुम्ही घड्याळ उलटं मोजता, हे मी तेव्हा पाहिलं. आधी लिहिलंत, चारला जहाजात. मग बंदराच्या फाटकावर तपासणी, म्हणून तिथे तीन. वाटेत पूल आणि गर्दी, म्हणून जुन्या कोचीतल्या मट्टांचेरी भागातून दोनला निघायचं. उरलेले तास वरच्या बाजूला. "जहाजाने स्वतः नेलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपण आपल्या गाडीने गेलो तर नाही थांबत," हे तुम्ही तीनदा सांगितलंत. बंदरातल्या जहाजाच्या एजंटचा फोन नंबर आणि ओळखपत्र आईच्या पर्समध्ये ठेवायला लावलंत, माझ्या नव्हे, कारण चुकामूक झाली तर फोन तिला करावा लागेल.

जहाज ज्या विलिंग्डन बेटाला लागतं, ते बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाच्या भरावावर उभं आहे, हे सांगताना तुमचा चेहरा किती खुलला होता! तिथून मट्टांचेरी आधी लागते आणि फोर्ट कोची पुढे. मी वाटेतलं आधी बघायचं ठरवलं होतं, तुम्ही क्रम फिरवलात. सगळ्यात लांबचं सकाळी आणि मग प्रत्येक टप्प्याला जहाजाच्या जवळ सरकत यायचं. एवढ्या एका गोष्टीने माझ्या पोटातली भीती गेली. ड्रायव्हरला गाडीत बसायच्या आधीच सांगायचं की मसाल्याच्या किंवा हस्तकलेच्या दुकानात थांबायचं नाही, हेही तुमचंच.

माझ्या यादीत मट्टांचेरीचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, वरच्या क्रमांकावर होतं, १५६८ सालचं, चीनहून आलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्यांचं. तुम्ही वार पाहिलात आणि काट मारलीत. शनिवार म्हणजे ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, दार बंद. मला फार वाईट वाटलं. तर तुम्ही म्हणालात, "कॅम्पातलं लाल देऊळ आत जाऊन पाहिलंयस?" पाहिलं नव्हतं. डेव्हिड ससूनने बांधलेलं सिनेगॉग आपल्याच गावात आहे आणि मी त्यावरून हजार वेळा स्कूटर नेली आहे.

तर तो शनिवार. नऊ वाजता आम्ही फोर्ट कोचीतल्या सेंट फ्रान्सिस चर्चच्या दारात होतो, आईने सांगितलेलं चर्च ते हेच. पोर्तुगीजांनी १५०३ साली उभारलेलं, मग डचांकडे, मग इंग्रजांकडे गेलेलं. आत लाकडी आढ्याखाली कापडी पंखे टांगलेले, दोरीने ओढायचे. उजव्या बाजूला कठड्याच्या आत जमिनीत वास्को द गामाच्या कबरीचा तो दगड. त्याची हाडं १५३९ मध्ये पोर्तुगालला नेली, म्हणजे खाली आता काहीच नाही. आईला ते पक्कं माहीत होतं. तरी ती कठड्याला धरून उभी राहिली आणि खूप वेळाने म्हणाली, "इतका लहान?" मग बाकावर बसली. तुमच्या कागदावर या जागी फक्त "इथे घाई नाही" असं लिहिलं होतं आणि खाली पाऊण तास. तो पाऊण तास मी आईशेजारी बसून काढला, काका. एरवी मी तिला दहा मिनिटांत उठवलं असतं.

मासेमारीची चिनी जाळी लांबूनच पाहिली. दोरांना बांधलेले दगड वर जातात तसं जाळं खाली पाण्यात उतरतं, एवढं बघून पुढे. मट्टांचेरीच्या राजवाड्यात आई वरच्या मजल्यावर हळूहळू चढली. पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिलेला हा वाडा डचांनी दुरुस्त केला आणि नाव त्यांचं राहिलं. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायण आहे, आणि त्यातले प्रसंग आईने मला ओळखून दाखवले.

आणि शेवटचा तो अर्धा तास, ज्याच्यापुढे तुम्ही "चेरलाई, कोकणी ऐका" असं लिहिलं होतंत. चेरलाई ही मट्टांचेरीतली कोकणी बोलणाऱ्यांची वस्ती. तिरुमला देवस्वमचं मंदिर दुपारचं बंद होतं. पण बाहेर दोन बायका नारळाच्या भावावर बोलत होत्या, आणि आमच्या रत्नागिरीकडच्या आजीचा हेल आईला आठवला. ती सरळ जाऊन बोलायला लागली. इथल्या कोकणी वैद्यांची साक्ष 'हॉर्टस मलबारिकस' या डचांनी काढलेल्या वनस्पतिग्रंथात, १६७८ साली ॲमस्टरडॅमला छापलेल्या खंडात, देवनागरीत आहे, हे तुम्ही सांगितलेलं तिने त्या बायकांना सांगितलं. त्यांनी आम्हाला पाणी दिलं.

परतताना पुलावर ट्रक बंद पडला होता. पंचवीस मिनिटं आम्ही जागच्या जागी. मी घड्याळ बघत होते, आई बघत नव्हती. "काकांनी धरलंय ते," म्हणाली. तीन वाजून वीस मिनिटांनी आम्ही फाटकात होतो.

तुम्ही मागितलेली काळी मिरी आणली आहे, पावशेर. रविवारी आई स्वतः जिने चढून द्यायला येते आहे. तुमचा तो कागद मात्र परत मागू नका. तो तिने इतिहासाच्या जुन्या टाचणवहीत चिकटवला आहे.

तुमची,
खालच्या मजल्यावरची