मैदानावरचा मोबाइल फोटोपुरताच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शारीरिक शिक्षणाच्या तासाला मैदानावर मोबाइल असतोच. तो खिशातून कधी निघतो, ते पाहा. योग दिनाला रांगा लागल्या की फोटो. क्रीडा साहित्य आलं की ते हातात धरून फोटो. वृक्षारोपणही बहुधा खेळाच्याच सरांच्या गळ्यात, त्याचाही फोटो. तो ग्रुपवर पडला, अहवालाला जोडला, की मोबाइल परत खिशात. आणि हे कुठे, तर ज्या जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं काम पुढे गेलं आणि रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, त्या सोलापुरात! भाषा-गणिताच्या पुस्तकांत कोड आले, वर्गात टीव्ही आला. मैदानाच्या वाट्याला अजून शिट्टीच.

शिट्टीला नावं ठेवायची नाहीत. पण काही गोष्टी शिट्टीने आणि घसा फोडून शिकवता येत नाहीत. लांब उडी घ्या. ‘गुडघा वर घे, वाळूकडे बघू नकोस’ असं सर दहादा सांगतात आणि मुलगा म्हणतो, ‘घेतला की सर!’ तो खोटं बोलत नसतो. गुडघा वर आला असं त्याला खरंच वाटत असतं. त्याला त्याचीच उडी संथ गतीत एकदा दाखवली की वाद मिटतो. मैदानावरच्या मोबाइलचं खरं काम हे आहे.

मात्र व्हिडिओ कसाही काढून भागत नाही. मोबाइल टेक-ऑफच्या, म्हणजे जिच्यावरून उडी घ्यायची त्या फळीच्या अगदी समोर, धावमार्गाला काटकोनात, आठ ते दहा मीटर लांब हवा. उंची मुलाच्या कमरेइतकी, मोबाइल आडवा. झूम करायचा नाही आणि मुलामागे फिरवायचाही नाही; तो एका बाजूने चौकटीत शिरेल, दुसऱ्या बाजूने निघून जाईल. कोन तिरका झाला तर वाकलेला गुडघा सरळ भासतो, आणि मग सर नसलेली चूक सुधारत बसतात. हे सगळ्यात जास्त घडतं, कारण जिथे सावली असेल तिथून शूटिंग करायचा मोह होतो.

दुसरी अडचण चित्रांच्या संख्येची. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात. सेकंदाला सहा मीटर वेगाने येणारा मुलगा दोन चित्रांच्या मध्ये २० सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो, म्हणजे फळीच्या रुंदीएवढा. टेक-ऑफचा पाय फळीवर टेकलेला असतो जेमतेम ०.१२ ते ०.१५ सेकंद. हाती लागतात चार चित्रं, तीही पुसट. मोबाइलमधलं स्लो मोशन १२० वर लावलं तर त्याच क्षणाची चौदा ते अठरा चित्रं मिळतात आणि दुसरा गुडघा नेमका कुठे अडकला ते दिसतं. २४० ची सोय असेल तर उत्तमच, पण शाळेसाठी १२० पुरे.

स्लो मोशनला उजेड भरपूर लागतो. हॉलमध्ये जुन्या ट्यूबलाइटखाली काढलेल्या व्हिडिओत चित्र फडफडतं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि ट्यूब सेकंदाला शंभरदा मंद-प्रखर होते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. जिम्नॅस्टिक्स किंवा आसनांचं शूटिंग म्हणून खिडकीशेजारी घ्यावं. सकाळच्या शाळेत मैदानावर कॅमेऱ्याची पाठ पूर्वेला असावी, म्हणजे ऊन मुलावर पडतं. उलट ठेवला तर नुसती काळी आकृती धावताना दिसते.

आता प्रश्न साठ मुलांचा. तास ३५-४० मिनिटांचा. एकेकाचा व्हिडिओ काढायला वीस सेकंद आणि दाखवायला चाळीस धरले तरी साठ मिनिटं होतात. म्हणजे ही पद्धत कागदावरच मरते, आणि बरेच शिक्षक एकदा करून सोडून देतात ते याच हिशेबामुळे. यावर उतारा आहे. कॅमेऱ्यातलं चित्र ठरावीक सेकंद उशिरा पडद्यावर दाखवणारी ॲप मोफत मिळतात. वीस सेकंदांचा उशीर लावून टॅब किंवा मोठ्या पडद्याचा मोबाइल ट्रायपॉडवर ठेवून द्यायचा. मुलगी उडी मारते, वाळू झटकते, चालत पडद्याशी येते, तोवर तिची उडी तिथे सुरू झालेली असते. बटण कुणी दाबायचं नाही, फाइल साठवायची नाही, सर मोकळे. उशीर किती ठेवायचा हे वाळूपासून पडद्यापर्यंतच्या चालण्यावर ठरवावं; दहा सेकंद ठेवला तर मूल पोचेपर्यंत उडी संपलेली असते.

पण दर उडीनंतर पडद्याकडे धावू देऊ नये. मग मूल अंगातल्या जाणिवेवर विसंबायचं सोडतं आणि पडदा नसला की गोंधळतं. दोन उड्या न बघता, तिसरीनंतर थांबायचं. आधी विचारायचं, ‘गुडघा कुठवर आला होता?’ आणि मग दाखवायचं. एका वेळी एकच चूक. हात, मान, पाय, कंबर सगळं एकदम सांगितलं की पुढची उडी आधीपेक्षा वाईट पडते.

खो-खोला समोरचा कॅमेरा उपयोगाचा नाही. आठ बसलेले एकमेकांआड जातात. खांबाच्या मागे, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मध्यरेषेच्या सरळ रेषेत मोबाइल धरला की पाटीवरून उठताना कुणाचा पाय मध्यपट्टी ओलांडतो ते स्वच्छ दिसतं. मध्यपट्टी जेमतेम ३० सेंटिमीटरची, म्हणून चुना ताजा हवा. फिकट रेषा वरून दिसतच नाही.

वेळ मोजण्यात तर मोबाइलवर आंधळा विश्वास दिसतो. खेलो इंडियाच्या तंदुरुस्ती चाचणीत नऊ वर्षांपुढच्या मुलांना ५० मीटर धाव आहे. शेवटच्या रेषेवर उभे असलेले सर शिट्टी ऐकून स्टॉपवॉच सुरू करतात. आवाजाला ५० मीटर यायला सुमारे ०.१४ सेकंद लागतात, तेवढी प्रत्येक मुलाची वेळ फुकट कमी होते. म्हणून सुरुवात हात किंवा झेंडी खाली येताना पाहून करावी. व्हिडिओवरून वेळ काढायची तर मोबाइल शेवटच्या रेषेच्या सरळ रेषेत ठेवावा, शिट्टीच्या आवाजापासून चित्रं मोजावीत आणि उत्तरात ०.१४ मिळवावेत. याचा मोठा फायदा असा की एका वेळी चार-पाच मुलं धावली तरी प्रत्येकाची वेळ मिळते. आधी एकदा दुसऱ्या मोबाइलवरचं स्टॉपवॉच मिनिटभर चित्रित करून पडताळावं. स्वस्त मोबाइल उजेड कमी झाला की चित्रांचा वेग आपणहून घटवतात.

ब्लूटूथ स्पीकरचं दुखणं वेगळं. मोबाइलने बीप दिल्यावर स्पीकरमधून ती ०.१ ते ०.३ सेकंद उशिरा बाहेर पडते. ॲपचं घड्याळ मात्र आधीच सुरू झालेलं. ५० मीटरला याचा अर्थ सगळ्यांचीच वेळ खराब. २० मीटरच्या शटल रनला, म्हणजे दर बीपला २० मीटरची एक फेरी गाठत ये-जा धावण्याच्या चाचणीला, मात्र काही बिघडत नाही, कारण प्रत्येक बीप सारखीच उशिरा येते. तिथे भलतंच घडतं. बीपची फाइल व्हॉट्सॲपवर आलेली असते आणि तिथे ऐकण्याचा वेग आदल्या दिवशी कुणीतरी दीडपट करून ठेवलेला असतो. पहिल्या मिनिटातच अर्धा वर्ग धापा टाकत बाहेर, आणि ठपका ‘आजकालच्या मुलांत दमच नाही’ असा. प्रचलित चाचणी ताशी साडेआठ किलोमीटरने सुरू होते आणि दर मिनिटाला वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो. म्हणजे सुरुवातीला दोन बीपमध्ये साधारण साडेआठ सेकंद जायला हवेत. मुलं धावायच्या आधी एकदा घड्याळ लावून बघावं. मोबाइल विमान मोडवर टाकावा, नाहीतर मध्येच फोन येतो, बीप थांबते आणि चाचणी पहिल्यापासून. मोबाइल खिशात घेऊन फिरू नये. दहा-पंधरा मीटरवर गेलं की आवाज तुटतो. खरं तर मोबाइल थेट स्पीकरला जोडणारी शंभर-दीडशे रुपयांची ऑक्स वायर घेतली तर यातली निम्मी कटकट संपते.

ध्वनिवर्धकाचं एकच सांगतो. माइकवाला नेहमी स्पीकरच्या मागे उभा हवा. पुढे आला की कर्कश ‘कुंईऽ’ होतं, आणि ते बंद करायला आवाज इतका कमी करतात की मागच्या रांगेला काहीच ऐकू जात नाही.

लेझीमला मात्र रेकॉर्ड केलेला ताल लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. हलगीवाला मुलांच्या पायांकडे बघून लय सैल करतो, जमलं की चढवतो. स्पीकरला पाय दिसत नाहीत. सोलापुरात लेझीम शिकवायला हलगीवाला मिळत नाही, ही सबब कुणी ऐकून घेणार नाही.

इथल्या शाळांचं आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावं लागतं. एकाच वर्गात घरी मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं बसतात. खेळाचे तयार व्हिडिओ बहुतेक हिंदी-इंग्रजी समालोचनाचे. त्यांचा आवाज सरळ बंद करावा. पंधरा-वीस सेकंदांचा मुका तुकडा, तोच तीनदा, आणि शब्द सरांचे किंवा बाईंचे. असा तुकडा उन्हात प्रोजेक्टरवर लावायच्या भानगडीत पडू नये, काही दिसत नाही. मैदानावर जाण्याआधी वर्गातल्या टीव्हीवर दोन मिनिटांत उरकावं. भिंतीवर क्यूआर कोड लावायचा तर जितक्या अंतरावरून तो टिपायचा त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी त्याची बाजू ठेवावी: मीटरभर अंतराला दहा सेंटिमीटर. चकचकीत लॅमिनेशन टाळावं, त्यावर ऊन चमकतं.

जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकली की आपल्याकडे ऊन चढू लागतं. पाऱ्याने चाळिशी गाठल्यावर उन्हात ठेवलेल्या मोबाइलचा पडदा आधी मंद होतो, मग कॅमेरा बंद पडतो. काळं कव्हर काढावं, ट्रायपॉडला छत्री बांधावी, पॉवर बँक लावून चार्ज करत शूटिंग करू नये, कारण चार्जिंगनेही मोबाइल तापतो. तापलेला मोबाइल ओल्या फडक्यात गुंडाळणं किंवा फ्रीजमध्ये ठेवणं म्हणजे आत पाणी धरायला आमंत्रण. वाऱ्याने ट्रायपॉड आडवा होतो, तेव्हा मधल्या दांड्याला दोन-तीन किलो वाळूची पिशवी लटकवावी. वाळू उडीच्या खड्ड्यातच आहे.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे आणि त्यावर फार ढिलाई चालते. मुलामुलींचे व्हिडिओ शिक्षकाच्या खासगी मोबाइलमध्ये राहता कामा नयेत, वर्गाच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलं आहे आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. शाळेने एक जुना, सिम नसलेला मोबाइल ठेवावा, वर्षारंभी संमतिपत्र घ्यावं, तास संपताच फाइल पुसाव्यात. ‘नुकतेच हटवलेले’ या कप्प्यातूनही, कारण तिथे त्या बरेच दिवस पडून असतात. मुलींचं शूटिंग बाजूनेच, आणि बाई हजर असताना. ज्याला नको असेल त्याला कारण विचारू नये.

क्रीडा साहित्याची यादी दरवर्षी निघते. त्यात चेंडू, दोऱ्या, डंबेल्स यांच्या शेवटी एक ट्रायपॉड, एक ऑक्स वायर आणि ३० मीटरचा टेप एवढं घालायला शाळांना हजार-दोन हजारांपलीकडे खर्च नाही. आणि या विषयाचं प्रशिक्षण कृपया सभागृहात प्रोजेक्टरसमोर घेऊ नये. एखाद्या शाळेच्या मैदानावर सकाळी साडेसातला बोलवावं. प्रत्येक शिक्षकाने एक उडी टिपायची आणि खड्ड्याशेजारीच उभं राहून ती चित्रागणिक उलगडून दाखवायची. छत्री आपापली आणावी.

आपले,
शारीरिक शिक्षण विषयाचे काही शिक्षक,
सोलापूर