तपकिरी रंग म्हणजे कॅन्सर नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतला बायोप्सीवरचा लेख वाचला. तपासणीत तपकिरी रंग आला म्हणजे कॅन्सर, असा त्यातला सूर पाहून राहवलं नाही. मिरजेच्या एका प्रयोगशाळेत मी हिस्टोपॅथॉलॉजीची (ऊतींचे पातळ काप करून तपासण्याच्या विभागाची) तंत्रज्ञ होते आणि माझी बरीचशी नोकरी आयएचसीच्या (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे अँटीबॉडीच्या मदतीने ऊतीतलं ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणारी तपासणी) स्लाइड रंगवण्यात गेली.

तो तपकिरी रंग पेशींचा नसतो, आम्ही आणलेला असतो. जे प्रथिन शोधायचं त्याला चिकटणारी अँटीबॉडी टाकायची, तिच्या पाठोपाठ एन्झाइम नेऊन बसवायचं आणि मग त्याला सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) आणि क्रोमोजेन (ज्यापासून रंग तयार होतो ते रसायन) द्यायचं. एन्झाइम असेल तिथेच रंग साचतो. रंग दिसला म्हणजे ते प्रथिन तिथे आहे, एवढाच अर्थ. स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीत ईआरसाठी (इस्ट्रोजेन हार्मोनचा रिसेप्टर) पेशींची केंद्रकं तपकिरी झाली, तर टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांचा उपयोग होण्याची आशा असते. १ टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह धरतात. प्रोस्टेटमध्ये तर उलटंच. पी६३ या प्रथिनाची अँटीबॉडी लावली की निरोगी ग्रंथींच्या कडेने तपकिरी ठिपके दिसतात, आणि ते दिसेनासे झाले की डॉक्टर सावध होतात.

पण मला खरं लिहायचंय ते रंगाच्या निवडीबद्दल. बहुतेक लॅबमध्ये पेरॉक्सिडेज हे एन्झाइम आणि डॅब हे तपकिरी क्रोमोजेन ही जोडी ठरलेली. डॅब अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, झायलीनमध्ये नाही, डीपीएक्सने (काच कायमची बंद करणारा चिकट पदार्थ) माउंट केलेली काच वर्षानुवर्षं टिकते. डॅबशी माझं वैर नाही. मात्र खरेदी विभागातून ‘सगळ्याला एकच किट घ्या, स्वस्त पडतं’ असं ऐकू आलं की डोकं फिरायचं. एन्झाइम आणि रंग कोणता, हे समोरचा ऊतीचा तुकडा पाहून ठरवायचं असतं.

त्वचेचंच घ्या. आपल्या लोकांत मेलॅनोमा (त्वचेतल्या रंगपेशींचा कॅन्सर) तसा दुर्मीळ, पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली. मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्य मुळातच तपकिरी, त्यावर डॅबही तपकिरी. एचएमबी-४५ (मेलॅनोमा ओळखायची अँटीबॉडी) खरंच लागलंय की नुसतं रंगद्रव्य दिसतंय, हे सांगताना भल्याभल्यांना घाम फुटतो. अशा वेळी अल्कलाइन फॉस्फटेज हे दुसरं एन्झाइम आणि लाल क्रोमोजेन घ्यावं. मेलॅनिन आधी ब्लीच करण्याचीही पद्धत आहे, पण त्या गडबडीत कधी सेक्शनच (ऊतीचा पातळ काप) काचेवरून सुटतो. लाल किट परवडत नसेल तर निदान पार्श्वभूमीचा रंग (काउंटरस्टेन) नेहमीच्या निळ्या हिमॅटॉक्सिलिनऐवजी जिम्साने द्यावा: मेलॅनिन हिरवट होतं, डॅब तपकिरीच राहतं.

बोनमॅरोतल्या पेशींत त्यांचं स्वतःचं पेरॉक्सिडेज भरपूर असतं. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने ते दाबायचं असतं, तरी मागे काही उरतंच. तिथेही फॉस्फटेजची लाल रंगाची स्लाइड वाचायला सोपी.

म्हणून लाल रंग सगळीकडे चालतो असंही नाही. आतड्यात स्वतःचं अल्कलाइन फॉस्फटेज असतं. ते दाबायला आम्ही लेव्हामिसोल वापरतो (हो, जनावरांना जंतावर देतात तेच), पण इतर बहुतेक ठिकाणी काम करणाऱ्या या औषधाला आतड्यातलं फॉस्फटेज दाद देत नाही. तिथे आपलं डॅबच बरं. फॉस्फटेजच्या कामात स्लाइड फॉस्फेट बफरने धुऊ नये, ट्रिस बफर घ्यावं; फॉस्फेटने हे एन्झाइम दबतं. पेरॉक्सिडेजच्या बफरमध्ये सोडियम अझाइड हे परिरक्षक नको, त्याने पेरॉक्सिडेज दबतं. आणि एईसीचा (पेरॉक्सिडेजसोबत वापरायचं लाल क्रोमोजेन) लाल रंग अल्कोहोलमध्ये विरघळतो. सवयीने कुणी स्लाइड अल्कोहोल-झायलीनमधून काढली की रंग गेलाच. ती ग्लिसरीन जेलीत माउंट करावी लागते.

माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. आयएचसीची निविदा काढताना लाल रंगाचं एखादं छोटं किट धरावं. आणि रिपोर्टवर एन्झाइम व क्रोमोजेन लिहावं. आमच्या भागातली माणसं दुसरं मत घ्यायला काचा घेऊन मुंबई-पुण्याला जातात. तिथल्या डॉक्टरांना त्या एका ओळीचा फार उपयोग होतो.

जाता जाता लॅबमधल्या मुलामुलींसाठी: डॅबने कॅन्सर होऊ शकतो असा संशय आहे. हातमोजे घालूनच हाताळा आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, रासायनिक कचऱ्याच्या कॅनमध्ये जमा करा.

आपली,
एक निवृत्त तंत्रज्ञ, मिरज