सगळ्या वर्षांचं लेखी घे

अजनी, नागपूर

प्रिय बेटा,

रविवारी तुझा फोन आला. रोम, थिऑलॉजीची म्हणजे धर्मशास्त्राची डॉक्टरेट एवढं कानावर पडलं आणि तुझी आई तशीच उठून आत्याकडे सांगायला गेली. त्यामुळे शेवटचं वाक्य तिने ऐकलं नाही, मी ऐकलं. "तूर्त एका वर्षाची परवानगी आहे पप्पा, पुढचं पुढे पाहू असं प्रोव्हिन्शियल मदर म्हणाल्या." म्हणजे तुम्हा सिस्टरांच्या संघाच्या इथल्या प्रमुख.

पुढचं पुढे काहून? डॉक्टरेट एका वर्षात होते का?

यावर लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. आधी आनंदाचं लिहितो. चर्चमध्ये मिस्सानंतर फादरांना सांगितलं, तर ते म्हणाले, रोमचं ग्रेगोरियन विद्यापीठ म्हणजे १५५१ साली संत इग्नेशिअसने काढलेलं कॉलेज. मग त्यांनी चारचौघांत माझा हात धरून अभिनंदन केलं. रेल्वेच्या इंजिन शेडमधल्या जुन्या लोकांनाही मी फोन केले. डॉक्टर म्हणजे दवाखान्याची का, असं दोघांनी विचारलं. मी त्यांना तुझ्या अभ्यासातली, बायबलमधल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगत बसलो.

ती मला पाठच झाली आहे. तू पुण्याला ज्ञानदीप या धर्मशास्त्राच्या विद्यापीठात निबंध वाचलास तेव्हा मी पासवर आलो होतो, आठवतं? महाराष्ट्र एक्स्प्रेसने, रात्रभर बसून. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर पाणी भरायला आलेली ती बाई. आपण जन्मभर प्रवचनात ऐकलं की ती पापी होती, म्हणून लोकांची नजर चुकवून दुपारी आली. आणि तू तिथे उभी राहून शांतपणे म्हणालीस, योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात पाच नवऱ्यांचा उल्लेख आहे, पण तिच्या पापाचा आणि क्षमेचा एक शब्द नाही. उलट येशू तिच्याशी देवाची उपासना कुठे करावी यावर बोलतो, 'मी तो आहे', म्हणजे मीच मसीहा, हे या शुभवर्तमानात पहिल्यांदा तिलाच सांगतो, आणि ती घागर तिथेच ठेवून गावात जाते. तिच्या शब्दावर गाव विश्वास ठेवतं. माझ्या शेजारचे एक म्हातारे फादर भराभर वहीत उतरवून घेत होते. माझा ऊर भरून आला बेटा. तुझं लक्ष नव्हतं, तू कागदात पाहत होतीस.

म्हणूनच भीती वाटते. पुण्याची पहिली पदवी झाल्यावर तुला पुढे शिकायचं होतं आणि तुला शाळेच्या ऑफिसात बसवलं. माणूस कमी आहे, सहा महिने सांभाळ, असं सांगून. सहा महिन्यांची किती वर्षं झाली ते तुला ठाऊक आहे. आम्ही भेटायला आलो तेव्हा तू फीच्या पावत्या फाडत होतीस. तू चहा आणायला गेलीस तेव्हा मी टेबलावरचं पावतीपुस्तक उलटून पाहिलं. रद्द केलेल्या पावत्यांच्या पाठीमागे पेन्सिलीने ग्रीक, म्हणजे शुभवर्तमानांच्या मूळ भाषेतली, क्रियापदं लिहिलेली, रकाने पाडून, बारीक अक्षरात. मी ते बंद करून जागेवर ठेवलं. तुझ्या आईला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

फीच्या कामाला मी हलकं म्हणत नाही. शाळा चालल्या पाहिजेत, दवाखाने चालले पाहिजेत, ते कुणीतरी सिस्टरच करणार. पण शेडमध्ये मी एवढं शिकलो की उघडलेलं इंजिन कुणी अर्धवट सोडून दुसऱ्या कामाला जात नाही. तुझं मन त्या अभ्यासाला असंच उघडलेलं आहे.

तूच मला सिस्टर रेखा चेन्नाट्टूंबद्दल सांगितलंस. त्याही योहानावरच काम केलेल्या, पुण्यातच शिकवणाऱ्या. २०१८ मध्ये त्यांच्या संघाने त्यांना जगभराची प्रमुख निवडलं. केवढा मोठा मान! पण मला पहिला विचार आला तो त्यांच्या पुस्तकांचा. लिहायला वेळ मिळाला असेल का? निदान त्यांची डॉक्टरेट हातात होती. आधी पदवी, मग बाकीचं.

आणि चर्चला घाई नसते, हेही तूच शिकवलंस. संत आविलाची तेरेजा १५८२ साली वारली, तिला चर्चची धर्मपंडिता म्हणायला १९७० साल उजाडलं. अमेरिकेत बायकांना कॅथोलिक थिऑलॉजीची वरची पदवी घ्यायला जागाच नव्हती, म्हणून सिस्टर मॅडेलेव्हा वुल्फना १९४३ मध्ये इंडियानातल्या आपल्याच कॉलेजात ती सोय करावी लागली. पोपच्या थिऑलॉजी आयोगावर पहिल्या दोन बायका २००४ मध्ये गेल्या, त्यातल्या सारा बटलर एक सिस्टर. आता तुझी पाळी आली आहे आणि ती 'पुढे पाहू' वर सोडायची?

आज्ञापालनाचं व्रत म्हणजे मान खाली घालून ऐकणं एवढंच नसावं. वरिष्ठांना आपली अडचण स्पष्ट सांगणं हेही त्यातच येतं. तू बोलत नाहीस. लहानपणापासून तुझं तेच, कुणी ताट ओढून घेतलं तरी गप्प. सदरच्या शाळेत बक्षीस दुसरीला दिलं तेव्हाही तू...

असो. व्रत तू घेतलं आहेस आणि समजवायला मी बसलो. माफ कर. तुझ्या पहिल्या व्रतांच्या दिवशी कॅथेड्रलमध्ये तुझी आई रडत होती आणि मी आजोबांना समजावत होतो की पोरगी आपल्या मर्जीने चालली आहे. ते मी आजही म्हणतो. तुला तिथून ओढून आणावं असं कधी मनात आलं नाही. उलट सेमिनरी हिल्सच्या चढावर बजाजवर तुला मागे बसवून तिथल्या म्हाताऱ्या फादरांकडे पुस्तकं मागायला मीच न्यायचो. ते ग्रीक व्याकरण त्यांनीच दिलं होतं ना? जिल्द सुटलेलं, हिरवं. ते इथेच कपाटात आहे. नेणार असशील तर सांग, बांधून पाठवतो.

आई शेंगदाण्याची चटणी आणि कुरडया देणार आहे, नाही म्हणू नकोस. थायरॉइडच्या गोळ्या सहा महिन्यांच्या घे, चिठ्ठी इंग्रजीत लिहून घे. आधी इटालियन शिकावं लागेल म्हणालीस, तर आत्तापासून रोज थोडं कर. डोळे तपासून घे.

आणि बेटा, निघायच्या आधी एकदा प्रोव्हिन्शियल मदरना भेट. भांडू नकोस. एवढंच म्हण की पदवी पूर्ण होईपर्यंतची परवानगी कागदावर द्या, तीन वर्षं लागोत की चार. त्यांनी दिली तर फोटो काढून मला व्हॉट्सअॅपवर पाठव. नाही दिली तरी कळव, मी काही बोलणार नाही, पण मला माहीत असू दे.

तुझा,
पप्पा