काका, माझे पाय जागे केल्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले असते तर "बरं बरं, चहा टाक" म्हणून तुम्ही विषय संपवला असता. म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

सेसना १७२ या छोट्या विमानावर दीडशे तास काढून मी तुमच्याकडे विमान शिकायला आलो, तेव्हा आपल्याला विमान उतरवता येतं अशी माझी समजूत होती. १७२ मोठी समजूतदार. जरा तिरकं टेकलं तरी वजन मुख्य चाकांच्या पुढे असल्यामुळे आपोआप सरळ होते. माझे पाय रडरवर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पायपट्ट्यांवर, नुसते विसावलेले असायचे. तुमच्या पिवळ्या पायपर कब विमानाचं तिसरं चाक शेपटीखाली आणि वजन मुख्य चाकांच्या मागे. पुस्तकात हे वाचलं होतं. पण तुम्ही विचारलंत, "उसाची ट्रॉली रिव्हर्स घेताना बघितलीयस? जरा कलली की कलतच जाते. तसंच हे." टेक्सासच्या गवताळ धावपट्टीवर उभ्या असलेल्या सांगलीच्या पोराला आणखी काय सांगायला हवं होतं?

कबमध्ये शिकणारा मागे, शिकवणारा पुढे. म्हणजे वेगाचा काटा तुमच्या पाठीआड. मी मान वाकडी करकरून बघायचो. "काटा सोड, दाराकडे बघ." उघड्या दाराची लोंबणारी खालची झडप वेग फार उतरला की हळूच वर तरंगते, हे तेव्हा कळलं. पासष्ट घोड्यांचं इंजिन, बॅटरी नाही, स्टार्टर नाही, पंखा हातानं फिरवायचा. दार तरी कामाला येतं!

टेकऑफला शेपूट उचलली की नाक डावीकडे पळायचं आणि पुढून तुमची हाक यायची, "उजवा पाय, लेका!" ते लवकर जमलं. उतरणं जमेना.

तिसऱ्या दिवशी तिन्ही चाकं एकदम टेकली. मी खूश. वेग सायकलइतकाच उरला होता, म्हणून पाय सैल सोडले. नाक डावीकडे वळलं. मी उजवा रडर दिला, तो उशिरा आणि जास्त. मग उजवीकडे, मग परत डावीकडे, दर वेळी आधीपेक्षा मोठा हेलकावा. तुमचे दोन्ही हात समोरच्या सांगाड्याच्या नळ्यांवर, मला दिसतील असे. विमान गर्रकन फिरून पंख जमिनीला घासणार, असं वाटलं तेव्हा कुठे तुमचा पाय रडरवर आला. आधीचे एक इन्स्ट्रक्टर माझी चूक व्हायच्या आतच कंट्रोल घ्यायचे. भला माणूस, पण चूक वाढते कशी हे मी त्यामुळे कधी बघितलंच नव्हतं. तुम्ही ती बघू दिलीत, स्वतःच्या विमानात, स्वतः पुढे बसून. आभार खरं तर एवढ्याचेच मानायचेत.

दहाव्या दिवशी वारा आडवा होता. टेकताच नाक सरकलं आणि लगेच सरळ झालं. थांबल्यावर मी म्हणालो, "काका, थँक्यू, वाचवलंत."

"मी? माझे पाय मघापासून सीटखाली आहेत."

मग माझं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, मांडीवर घेऊन तुम्ही सहीसाठी पेन शोधायला लागलात. ते शेवटी माझ्याच खिशात निघालं.

तुमचा,
मागच्या सीटवरचा