रविवारच्या कुरडया आणि हवामानाचा अंदाज

संपादक साहेब, नमस्कार. आपल्या पेपरात शुक्रवारी अख्ख्या देशाचा वीकेंडचा अंदाज दोन ओळीत आटपतो, ऊन वाढेल बस, आणि आम्ही इंदूरकर त्यावरच वाळवण काढतो. मागच्या रविवारी आईने पहाटे उठून चीक शिजवला, गच्चीवर कुरडया घातल्या, चारला ढग आले न टपोरे थेंब, सगळा लगदा प्लास्टिकला चिकटला, फार वाईट वाटलं हो. मार्चमध्ये पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून ढग-पाऊस घेऊन येणारी हवामान प्रणाली, आला की असं होतं, हवामान खातं जिल्ह्यावार पिवळा, केशरी, लाल अलर्ट देतं, तो छापा ना! आणि मैदानी भागात ४० डिग्री आणि नॉर्मलपेक्षा किमान ४.५ जास्त असेल तेव्हा उष्णतेची लाट म्हणतात, इथे ३६ लाच लोक घाबरतात, तेही प्लीज लिहा.

— एक वाचक, इंदूर